मागच्या खोलीतून पडद्यावर: सिस्टम सर्व्हिसचं नोटिफिकेशन युजरला का दिसत नाही आणि कसं दाखवावं

बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली, शेवटी ‘नोटिफाय-सेंड’ची एक ओळ टाकली, टर्मिनलवर चालवून पाहिली, पडद्याच्या कोपऱ्यात ‘बॅकअप अपुरा राहिला’ असं पॉपअप झकास आलं. मग तीच स्क्रिप्ट सिस्टमडीची (लिनक्समध्ये मागच्या मागे चालणारी कामं सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस म्हणून रात्री दोनला चालायला ठेवली आणि पॉपअप गायब. जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) उघडलं तर त्यात एक ओळ: एक्स-११चा (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) डिस्प्ले नसल्यामुळे डी-बस (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायची वाहिनी) आपोआप सुरू करता येत नाही. ती वाचून बहुतेक जण ‘डिस्प्ले’ व्हेरिएबलच्या मागे लागतात, स्क्रिप्टमध्ये ‘डिस्प्ले=:०’ लिहितात, आणि पडदा तरीही कोराच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पुढचं सगळं सिस्टमडी वापरणाऱ्या लिनक्स डेस्कटॉपबद्दल आहे. कमांड, फाइल आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग लागेल.

पॉपअप रंगवतं कोण?

नोटिफाय-सेंड पडद्यावर एक पिक्सेलही रंगवत नाही. ती नुसती निरोप्या आहे. डी-बसवर ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.नोटिफिकेशन्स’ हे नाव ज्याने घेतलं असेल त्याला ती गाठते आणि त्याची ‘नोटिफाय’ ही मेथड बोलावते. ते नाव कोणाकडे असेल हे डेस्कटॉपवर ठरतं. ग्नोममध्ये स्वतः ग्नोम शेलकडे, केडीईत प्लाझ्माकडे, एक्सएफसीईत त्याच्या नोटिफायडीकडे, आणि आय-थ्री किंवा स्वेसारखा सुटा विंडो मॅनेजर असेल तर डन्स्ट, माको अशा छोट्या प्रोग्रॅमकडे. पॉपअप रंगवणारा तो हा. तो युजरच्या सेशनमध्ये, युजरच्या नावाने चालतो. सिस्टम सर्व्हिस मागच्या खोलीत, बहुधा रूटच्या (मशीनवर सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) नावाने. या दोघांमधली भिंत ओलांडणं एवढाच खरा प्रश्न आहे. डिस्प्लेचा त्यात जवळजवळ संबंध नाही.

‘नोटिफाय’ला आठ गोष्टी द्याव्या लागतात: ॲपचं नाव, जुनं नोटिफिकेशन बदलायचं असल्यास त्याचा क्रमांक (नसेल तर ०), आयकन, शीर्षक, मजकूर, बटणांची यादी, जास्तीचे इशारे आणि किती मिलिसेकंद दाखवायचं तो आकडा. शेवटच्या जागी -१ म्हणजे ‘तुमच्या नेहमीच्या रीतीने’ आणि ० म्हणजे ‘आपणहून बंद करू नका’. उत्तरादाखल एक क्रमांक परत येतो. तो टाकून देऊ नये, पुढे लागेल.

दोन बस, दोन दारं

मशीनवर डी-बस एकच नसते. सिस्टम बस संपूर्ण मशीनला एक. तिच्यावर नेटवर्कमॅनेजर, यूपॉवर (बॅटरी), यूडिस्क्स (डिस्क), लॉगिनडी (कोण लॉग-इन आहे त्याची नोंद ठेवणारी) ही मंडळी बोलतात. याशिवाय प्रत्येक युजरची स्वतःची एक बस. ज्याचा यूआयडी (युजरचा क्रमांक) १००१ आहे त्याची बस म्हणजे ‘/रन/युजर/१००१/बस’ हे सॉकेट, म्हणजे जोडणीसाठीची खास फाइल. युजरने लॉग-इन केलं की त्याच्यासाठी हा फोल्डर तयार होतो, परवानगी ०७००, म्हणजे आत फक्त मालक जाऊ शकतो. मालकाचं शेवटचं सेशन संपलं की थोड्या वेळाने फोल्डरही नाहीसा होतो.

नोटिफिकेशन दाखवणारा प्रोग्रॅम या दुसऱ्या बसवर बसलेला असतो. सिस्टम सर्व्हिसला त्या बसचा पत्ताच माहीत नसतो. पत्ता असतो ‘डीबस_सेशन_बस_ॲड्रेस’ या व्हेरिएबलमध्ये, आणि ते युजरच्या सेशनमध्येच भरलेलं असतं. ते रिकामं दिसलं की डी-बसची लायब्ररी ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’मधल्या फोल्डरात ‘बस’ नावाचं सॉकेट शोधते. तेही नसेल तर शेवटचा उपाय म्हणून एक्स-११च्या मदतीने बस सुरू करून बघते. जर्नलमधली ती ओळ या शेवटच्या उपायाची रड आहे. पहिले दोन उपाय आधीच गेले, हे ती सांगत नाही. म्हणून डिस्प्ले भरून काही साधत नाही.

मग पत्ता दिला की झालं? तसंही नाही. रूटने स्क्रिप्टमध्ये तो पत्ता लिहिला तर ०७०० परवानगीचं पहिलं दार रूटला अडवत नाही, कारण रूटला फाइलींच्या परवानग्या लागू पडत नाहीत. अडवतं ते दुसरं दार. सॉकेटला जोडणी झाली की समोरच्याचा यूआयडी काय आहे ते बस थेट कर्नलला विचारते. इथे खोटं बोलायला वाव नसतो. युजर बसची मुळातली रीत अशी की ती ज्याची आहे त्यालाच आत घ्यायचं. रूट आला तरी ‘तुम्ही १००१ नाही’ म्हणून जोडणी तोडली जाते. मशीनवर सर्वशक्तिमान असलेल्या रूटला इथे उंबऱ्यावरून परत जावं लागतं, याचं पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. पण रचना शहाणपणाची आहे.

थोडक्यात, दोन्ही गोष्टी एकदम हव्यात: पत्ता त्या युजरच्या बसचा, आणि जोडणी त्या युजरच्या नावाने. एकच करून दुसरी विसरल्यामुळे बऱ्याच स्क्रिप्ट मुक्या राहतात.

आधी ठरवा, कोणाला सांगायचं

‘/रन/युजर/’मधल्या प्रत्येक फोल्डरवर लूप लावून सगळ्यांना निरोप पाठवणारी स्क्रिप्ट सगळीकडे फिरत असते. ती वापरू नये. त्या फोल्डरांमध्ये लॉग-इनचा पडदा दाखवणाऱ्या जीडीएमचा स्वतःचा युजर असू शकतो, एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलमधून) आलेला युजर असतो, आणि ‘लिंगर’ चालू असलेले युजर असतात, म्हणजे कोणी समोर बसलेलं नसतानाही ज्यांच्या सर्व्हिस चालू राहतात असे. या तिघांकडेही बस आहे, पण निरोप वाचायला माणूस बसलेला डेस्कटॉप नाही.

योग्य उत्तर लॉगिनडीकडे आहे. ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ने सेशनांची यादी घ्या आणि प्रत्येकासाठी ‘लॉगिनसीटीएल शो-सेशन’ला चार गुणधर्म विचारा: टाइप, क्लास, स्टेट आणि युजर. ठेवायची ती सेशनं ज्यांचा टाइप ‘एक्स११’ किंवा ‘वेलँड’ (एक्स-११च्या जागी आलेली यंत्रणा) आहे, क्लास ‘युजर’ आहे (‘ग्रीटर’ म्हणजे लॉग-इनचा पडदा, तो वगळा) आणि स्टेट ‘क्लोजिंग’ नाही. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे आत्ता पडद्यावर असलेलं सेशन. ‘ऑनलाइन’ म्हणजे युजर बदलल्यामुळे मागे गेलेलं. डिस्क भरल्याची खबर दोघांनाही द्यावी, ‘पेनड्राइव्ह काढायला हरकत नाही’ ही फक्त ॲक्टिव्हला. एकाच युजरची दोन सेशनं असू शकतात, पण बस युजरमागे एकच असते. म्हणून शेवटी यूआयडीवरून नकला गाळून टाका, नाहीतर एकाच माणसाला तेच पॉपअप दोनदा जातं.

या कमांडची माणसांसाठी छापलेली कोष्टकं कापून-कातरून रकाने काढू नयेत. आवृत्तीगणिक रकाने वाढतात आणि स्क्रिप्ट गुपचूप चुकीच्या रकान्यातून यूआयडी वाचायला लागते. शो-सेशनचं ‘नाव=किंमत’ असं एकेका ओळीचं उत्तर भरवशाचं.

झटपट वाट: त्याच्या नावाने, त्याच्या दारात

सगळ्यात नीटस मार्ग सिस्टमडीचा स्वतःचा आहे. समजा युजरचं नाव मीरा. ‘सिस्टमडी-रन’ या कमांडला ‘--युजर’ आणि ‘--मशीन=मीरा@.होस्ट’ हे दोन पर्याय द्यायचे आणि पुढे नोटिफाय-सेंडची नेहमीची ओळ लिहायची. ‘.होस्ट’ म्हणजे हेच मशीन. ‘युजर@.होस्ट’ ही लिहिण्याची सोय २०२१मध्ये आलेल्या सिस्टमडी २४८पासून आहे. यात रूट स्वतः मीराच्या बसवर जात नाही. तो मीराच्या सर्व्हिस मॅनेजरला ‘हे एवढं चालव’ असं सांगतो. चालवणारा मीराचाच, व्हेरिएबल मीराचीच, त्यामुळे पत्ता आणि ओळख दोन्ही आपोआप बरोबर येतात.

एक मेख लक्षात ठेवा. सिस्टमडी-रन काम सुरू झालं की लगेच यश कळवून मोकळी होते. आतली नोटिफाय-सेंड नंतर आपटली तरी स्क्रिप्टला पत्ता नसतो. निकाल हवा असेल तर ‘--वेट’ जोडा. ‘--कलेक्ट’ही जोडा, म्हणजे फसलेल्या तात्पुरत्या सर्व्हिसची मढी यादीत साठत नाहीत.

जुन्या आवृत्तीवर ‘रनयुजर -यू मीरा’ आणि त्यापुढे ‘एन्व्ह’ने पत्त्याचं व्हेरिएबल भरून नोटिफाय-सेंड. पत्ता असा लिहायचा: ‘युनिक्स:पाथ=/रन/युजर/१००१/बस’. हेच काम सुडोनेही होतं, पण सुडो व्हेरिएबल पुसून टाकते आणि तिची वेगळी नियमावली असते. रूटला दुसऱ्याच्या नावाने काही चालवायला त्या सोपस्कारांची गरजच नाही.

तिसरी पद्धत टेम्प्लेट सर्व्हिसची (एकच फाइल, ‘@’नंतर जे द्याल त्यासाठी वेगळी चालते), आणि तिच्यात एक खड्डा ठरलेला. ‘कळव@.सर्व्हिस’ अशी फाइल करून ‘युजर=’मध्ये युजरचं नाव आणि पत्त्यात यूआयडीच्या जागी ‘%यू’ (मोठ्या लिपीतलं) लिहिलं की ते त्या युजरचा यूआयडी देईल असं वाटतं. देत नाही. हे चिन्ह सर्व्हिस मॅनेजर ज्याच्या नावाने चालतो त्याचा यूआयडी देतं, आणि सिस्टमच्या मॅनेजरसाठी तो कायम ०. पत्ता बनतो ‘/रन/युजर/०/बस’. उपाय सोपा: टेम्प्लेटला नावाऐवजी यूआयडीच द्या. ‘कळव@१००१.सर्व्हिस’ सुरू केली की ‘युजर=%आय’ आणि पत्त्यातही ‘%आय’ (दोन्ही छोट्या लिपीतले; ‘%आय’ म्हणजे ‘@’नंतर दिलेलं ते). ‘युजर=’ला आकडा चालतो, त्यामुळे एकाच आकड्यात दोन्ही कामं होतात.

काम बिघडल्यावरच कळवायचं असेल तर स्क्रिप्टमध्ये तपासण्या पेरण्यापेक्षा मूळ सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘ऑनफेल्युअर=’ लिहून पुढे कळवणाऱ्या सर्व्हिसचं नाव द्यावं. स्क्रिप्ट मधेच मारली गेली, मेमरी संपली, वेळमर्यादा उलटली, तरी ती सुरू होते. स्क्रिप्टच्या शेवटची ओळ अशा वेळी कधीच गाठली जात नाही.

सगळं बरोबर असून बंद

पत्ता बरोबर, नाव बरोबर, टर्मिनलवर रूट म्हणून चालवलं तर पॉपअप येतं, सर्व्हिसमधून मात्र नाही. अशा वेळी सर्व्हिसला घातलेली कुंपणं, म्हणजे तिच्या फाइलमधले बंधनांचे पर्याय, बघा.

पहिला संशयित ‘प्रोटेक्टहोम=’. नावावरून वाटतं की हे फक्त ‘/होम’ झाकतं. प्रत्यक्षात ‘/होम’, ‘/रूट’ आणि ‘/रन/युजर’ असे तीन फोल्डर झाकले जातात. बसचं सॉकेट नेमकं तिसऱ्यात आहे, त्यामुळे सर्व्हिसला ते दिसतच नाही. दुसरा ‘नोन्यूप्रिव्हिलेजेस=’; याने सुडोची ताकदच जाते. तिसरा ‘रिस्ट्रिक्टॲड्रेसफॅमिलीज=’; त्या यादीत ‘एएफ_युनिक्स’ नसेल तर कुठल्याच स्थानिक सॉकेटला जोडणी होत नाही. चौथा ‘कॅपॅबिलिटीबाउंडिंगसेट=’; त्यातून यूआयडी बदलण्याची ताकद काढली असेल तर रनयुजर जागेवरच थांबते. पाचवा ‘प्रायव्हेटयुजर्स=’; सर्व्हिसच्या आतून बाहेरचे युजर ‘नोबडी’ दिसू लागतात.

इथे मोह होतो तो कुंपण काढून टाकण्याचा. करू नका. एका पॉपअपसाठी नेटवर्कवर उघड्या असलेल्या सर्व्हिसचं ‘प्रोटेक्टहोम’ काढणं म्हणजे घुबडासाठी खिडकी उघडी ठेवून चोराला वाट देणं. वरची ‘ऑनफेल्युअर=’ची वेगळी छोटी सर्व्हिस इथेही कामाला येते: कुंपण मूळ सर्व्हिसला राहतं, कळवणारी वेगळी असते.

यूडेव्हचे (उपकरण जोडलं-काढलं की हालचाल करणारी सर्व्हिस) नियम हे आणखी एक प्रकरण. ‘रन+=’मध्ये लिहिलेली कमांड थोडक्यात संपणारी असावी अशी अपेक्षा असते; रेंगाळलेल्या प्रोसेस मारल्या जातात, आणि यूडेव्हची सर्व्हिस स्वतः कुंपणात चालते. उपकरण जोडलं की युजरला सांगायचं असेल तर नियमात ‘टॅग+="सिस्टमडी"’ आणि ‘सिस्टमडी_युजर_वाँट्स’ हे दोन भरा. मग ते उपकरण आलं की युजरच्या बाजूची सर्व्हिस थेट सुरू होते. रूटमधून उडी मारायची वेळच येत नाही. क्रॉनबद्दल (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) एवढंच: युजरच्या स्वतःच्या क्रॉनटॅबमधलं कामही मुकंच राहतं, कारण क्रॉन मोजकीच व्हेरिएबल देते. तिथे ओळख बरोबर असते, पत्ता तेवढा भरायचा.

उलटी वाट, जी खरं तर सरळ आहे

आतापर्यंतच्या सगळ्या युक्त्यांमध्ये एक गोष्ट समान आहे: रूट युजरच्या खोलीत शिरून त्याच्या तोंडाने बोलतो. एखाद-दुसऱ्या मशीनवर, स्वतःच्या स्क्रिप्टसाठी, हे चालतं. पण जे सॉफ्टवेअर इतरांना द्यायचं आहे त्यात दिशा उलटी करावी. सर्व्हिसने ‘काय घडलं’ ते सिस्टम बसवर जाहीर करावं; ‘कोणाला, कुठे, कोणत्या भाषेत दाखवायचं’ हे युजरच्या सेशनमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, म्हणजे एजंटवर, सोडावं.

बॅटरी संपत आल्याचं पॉपअप असंच येतं. यूपॉवर ही रूटची सर्व्हिस आहे. तिला पडदा म्हणजे काय ते माहीत नाही. ती फक्त बॅटरीची पातळी आणि इशारा सिस्टम बसवर मांडते. ग्नोममध्ये ते ऐकणारा सेटिंग्ज डिमन, केडीईत पॉवरडेव्हिल. प्रत्येक जण आपल्या युजरच्या भाषेत, त्याच्या सेटिंगप्रमाणे पॉपअप दाखवतो. दहा युजर असोत की एकही नसो, यूपॉवरच्या कोडमध्ये काही बदलत नाही.

इतर सिस्टमही फिरून याच जागी आल्या. विंडोजमध्ये पूर्वी सर्व्हिस थेट युजरच्या डेस्कटॉपवर खिडकी उघडू शकत असे. त्या खिडकीला साध्या युजरच्या प्रोग्रॅमने संदेश पाठवून सर्व्हिसच्या ताकदीने कोड चालवता येतो, हे २००२मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं. व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या ‘सेशन ०’मध्ये कोंडल्या गेल्या. मॅकमध्ये लाँच-डिमन मशीनसाठी आणि लाँच-एजंट युजरसाठी, अशी फाळणी आहे.

एजंट लिहिणं वाटतं तेवढं जड नाही. सर्वात साधा प्रकार तर प्रोग्रॅमिंगशिवाय होतो. बॅकअपची सर्व्हिस आपला निकाल एका फाइलमध्ये लिहिते, समजा ‘/रन/बॅकअप/निकाल’. युजरच्या बाजूला एक ‘.पाथ’ युनिट (सिस्टमडीला काम सांगणारी फाइल) असतं, ज्यात ‘पाथचेंज्ड=’ने त्या फाइलवर नजर ठेवलेली असते; फाइल बदलली की जोडीची ‘.सर्व्हिस’ सुरू होते आणि ती नोटिफाय-सेंड चालवते. ती मुळातच युजरच्या मॅनेजरमध्ये असल्याने पत्ता, ओळख, यूआयडी असला कुठलाच प्रश्न उरत नाही. फाइल वाचता येण्याजोगी (०६४४) असावी आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो ०७५५, म्हणजे सगळ्यांना आत जाता येईल असा.

यात तीन ठिकाणी माणसं अडखळतात. ‘/रन/बॅकअप’ हा फोल्डर ‘रनटाइमडिरेक्टरी=’ने तयार करून घेतला तर सर्व्हिस थांबताच तो पुसला जातो; एका दमात संपणाऱ्या सर्व्हिसच्या बाबतीत निकाल लिहून झाल्याबरोबर तो नाहीसाच होतो. ‘रनटाइमडिरेक्टरीप्रिझर्व्ह=येस’ लिहा, किंवा ‘स्टेटडिरेक्टरी=’ वापरून ‘/व्हार/लिब’खाली ठेवा. निकाल थेट त्या फाइलमध्ये हळूहळू लिहू नका. शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून मग नाव बदला, म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती अर्धवट ओळ लागत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची: ‘पाथचेंज्ड=’ फक्त पुढचे बदल पकडतं. रात्री दोनला बॅकअप फसला तेव्हा कोणी लॉग-इन नव्हतं. सकाळी मीरा आली तेव्हा फाइल आधीच बदललेली होती, म्हणून पॉपअप नाही. यासाठी तीच सर्व्हिस लॉग-इनच्या वेळीही एकदा चालवावी: फाइल वाचायची, निकाल वाईट असेल आणि त्याची वेळ या युजरला शेवटी दाखवलेल्या वेळेच्या नंतरची असेल, तरच दाखवायचं. ‘शेवटी दाखवलेलं’ युजरच्या स्वतःच्या फोल्डरात नोंदवा.

युजरच्या बाजूची युनिट ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी/युजर’मध्ये ठेवतात, आणि ‘सिस्टमसीटीएल --ग्लोबल इनेबल’ने सगळ्या युजरसाठी चालू करतात. ‘वाँटेडबाय=’ आणि ‘पार्टऑफ=’ दोन्हीत ‘ग्राफिकल-सेशन.टार्गेट’ (डेस्कटॉप सुरू असल्याची सिस्टमडीची खूण) लिहा, म्हणजे एसएसएचने आलेल्यासाठी ते सुरू होत नाही आणि लॉग-आउटबरोबर थांबतं. लॉग-इनच्या पडद्याचा युजर वगळण्यासाठी ‘कंडिशनयुजर=!@सिस्टम’. सुट्या विंडो मॅनेजरवर हे टार्गेट आपणहून सुरू होत नसल्यास ते सुरू करण्याची व्यवस्था त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये करावी लागते.

फाइलऐवजी सिस्टम बसवरचा सिग्नल (ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी सोडलेला निरोप) वापरायचा असेल तर आणखी एक पथ्य. सिस्टम बसवर एखादं नाव घ्यायला ‘/यूएसआर/शेअर/डीबस-१/सिस्टम.डी’मध्ये परवानगीची फाइल लागते, पण सिग्नल पाठवायला मुळातच सगळ्यांना मुभा असते. म्हणजे कुठलाही युजर तुमच्या इंटरफेसच्या नावाने खोटा सिग्नल सोडू शकतो. एजंटने ऐकताना पाठवणाऱ्याचं नाव जुळवलंच पाहिजे. ते नाव कोण घेऊ शकतं हे परवानगीच्या फाइलने बांधलेलं असतं, म्हणून ती जुळवणी खरी ठरते.

मजकूर

मजकुरात ठळक, तिरपं, अधोरेखित अशी मोजकी मार्कअप चालते, त्यामुळे ‘&’ आणि ‘<’ ही चिन्हं कच्ची जाऊ देऊ नका; त्यांच्या जागी त्यांची एचटीएमएल रूपं, ‘&’ आणि ‘<’, घाला. फाइलच्या नावात ही चिन्हं असली की काही ठिकाणी मजकूर अर्धा दिसतो. नाव बाहेरून आलेलं असेल, समजा पेनड्राइव्हचं लेबल, तर ते मार्कअप घेऊन येऊ शकतं हे गृहीत धरा. नाव ‘-’ने सुरू झालं तर नोटिफाय-सेंड त्याला पर्याय समजते, मजकुराआधी ‘--’ लिहा.

नोटिफाय-सेंडला दिलेला मजकूर प्रोसेसच्या यादीत क्षणभर इतर युजरनाही दिसतो, आणि पॉपअप कुलूपबंद पडद्यावरही झळकू शकतं. पासवर्ड, टोकन, लोकांच्या फाइलींची नावं त्यात घालू नका.

तातडीच्या तीन पायऱ्या आहेत: ० कमी, १ नेहमीची, २ गंभीर. गंभीर पॉपअप सहसा हाताने बंद करेपर्यंत राहतं, म्हणून ते डिस्क मरत असल्यासारख्या गोष्टींसाठी राखावं. दाखवण्याची मुदत ही विनंती असते, हुकूम नव्हे. ग्नोम शेल ती मानत नाही. प्रगती दाखवायची असेल तर दर टक्क्याला नवं पॉपअप सोडू नका. सुरुवातीला मिळालेला क्रमांक दुसऱ्या जागी देत राहा, तेच पॉपअप बदलत राहील. नोटिफाय-सेंडमध्ये क्रमांक छापायला ‘-पी’ आणि बदलायला ‘-आर’. बटणं द्यायची असतील तर पाठवणारा प्रोसेस उत्तर येईपर्यंत जिवंत राहावा लागतो. बटण दाबल्याचा सिग्नल बसवर येतो तेव्हा ऐकायला कोणी नसेल तर बटण शोभेचंच. सगळे नोटिफिकेशन सर्व्हर बटणं दाखवतही नाहीत; आधी ‘गेटकॅपॅबिलिटीज’ विचारावं.

बिघाड शोधताना

खालून वर जा. प्रथम युजरच्या स्वतःच्या टर्मिनलवर नोटिफाय-सेंड. तिथेच नाही तर दोष डेस्कटॉपचा: नोटिफिकेशन सर्व्हर नाही, किंवा ‘व्यत्यय नको’ चालू आहे. हे दुसरं कारण दिसतं त्यापेक्षा फार जास्त वेळा निघतं. तिथे आलं तर रूटच्या टर्मिनलवरून सिस्टमडी-रनने. मग सर्व्हिसमधून. ज्या पायरीवर तुटतं तिथेच दोष.

चूक ‘हे नाव कुठल्याच सर्व्हिस फाइलने पुरवलेलं नाही’ अशी आली तर बस सापडली आहे, ओळखही पटली आहे, पण त्या बसवर नोटिफिकेशन दाखवणारा कोणी नाही. युजरचं सेशन ‘डीबस-रन-सेशन’ने सुरू केलेलं असेल तर हे हमखास होतं. ती कमांड स्वतःची वेगळी बस उभी करते, डेस्कटॉप त्या बसवर जातो, आणि ‘/रन/युजर/१००१/बस’ ओस पडलेली असते. सिस्टमडीच्या मशीनवर ती ओळ सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून काढून टाकावी.

नोटिफिकेशन सर्व्हर मागणी आल्यावर सुरू होणारा असेल आणि सुरू होताच पडत असेल, तर इथे मात्र डिस्प्लेचं खरंच काम आहे. बसने त्याला सुरू केलं, पण पडदा कुठला हे बसला माहीत नव्हतं. सेशनच्या सुरुवातीला ‘डीबस-अपडेट-ॲक्टिव्हेशन-एन्व्हायर्नमेंट --सिस्टमडी’ या कमांडला ‘डिस्प्ले’ आणि ‘वेलँड_डिस्प्ले’ ही दोन नावं द्या. ही ओळ त्या युजरच्या सेशनमध्ये चालली पाहिजे. रूटच्या स्क्रिप्टमध्ये लिहून काही होणार नाही.